निवळायला ठेवलेली बाटली

त्याने बाटली बहिणीच्या ओट्यावर ठेवली, तिच्यामागे एक कोरा कागद उभा धरला आणि म्हणाला, "बघ."

बहीण भांडी पुसत होती. तिने मान वळवली.

"काय बघू? पाणी आहे."

"कसं आहे?"

"गढूळ." तिने ताट फडताळात लावलं. "कामाच्या वेळी इकडे कसा दादा? बरं नाही का?"

वस्तीच्या वरच्या अंगाला खाणीचा गाळ अडवणारं मातीचं धरण होतं. त्याच्या पायथ्याशी एका पाइपातून पाझर बाहेर येई आणि वस्तीमागच्या ओढ्याला मिळे. रोज सकाळी आठला ते पाणी बाटलीत धरून बघायचं, हे अकरा वर्षं त्याचं काम. मातीचं धरण म्हटलं की थोडं पाणी झिरपायचंच. ते स्वच्छ आहे तोवर ठीक. गढूळ यायला लागलं, तर धरणाच्या पोटातली माती वाहून चाललीय असं समजायचं. खाणीवर त्याला बाटलीवाला म्हणत. सकाळी आठला बाटली उघडूनही शुद्धीत असणारा एवढा एकच माणूस, हा विनोद अकरा वर्षं चालला होता आणि तोही अकरा वर्षं त्यावर हसत आला होता.

पाच महिन्यांपूर्वी पाणी पहिल्यांदा जरासं राखट दिसलं. तो बाटली घेऊन साहेबांकडे गेला. साहेब काही वाईट माणूस नव्हते, पण त्यांच्याही डोक्यावर साहेब होते. "पाइपाला धक्का लागला असेल," ते म्हणाले. "जरा निवळू दे, मग लिही." त्याने बाटली खिडकीत ठेवली. चहा घेऊन आला तोवर पाणी निवळलं होतं. त्याने तक्त्यात 'स्वच्छ' लिहिलं. खोटं थोडंच होतं? तळाशी केसाएवढा थर बसला होता, पण तक्त्यात तळाचा रकाना नव्हता.

मग ते अंगवळणी पडलं. आठला भरायची, खिडकीत ठेवायची, नऊला बघायची. साहेबांना पुन्हा सांगावंही लागलं नाही. आपण काय करतोय हे त्याला कळत होतं आणि कळूनही तो रोज चहाला जात होता.

आज दुसरा चहा झाला तरी बाटली पुरती निवळली नाही. हे सगळं त्याने बहिणीला सांगितलं, मध्ये काही न गाळता. बहीण ऐकताना एकच पेला पुसत राहिली.

"मग धोक्याचा भोंगा का नाही वाजवला?"

"साहेब म्हणतात, तपासणीवाले येऊन बघू देत. मी स्वतः फोन केला त्यांना. परवा येतो म्हणाले. तू परवापर्यंत थांबायचं नाहीस. कागदपत्रं घे आणि माझ्याकडे चल."

त्याचं घर वर होतं, टेकडीवर. हे म्हणताना त्याने बहिणीकडे बघितलं नाही.

तिने पेला खाली ठेवला. ओट्याखालचं दार उघडून आतून एक काचेची बरणी काढली आणि त्याच्या बाटलीशेजारी ठेवली.

"मागच्या ओढ्याचं पाणी मी रोज हिच्यात धरते. कागद लावून कसं बघायचं ते तूच दाखवलं होतंस."

"मग?"

"मलाही गढूळच दिसायचं. चार-पाच महिने झाले असतील."

"मग बोलली का नाहीस मला?"

"दर सोमवारी तुझ्या सहीचा कागद लागतो ना वस्तीच्या फळ्यावर. स्वच्छ म्हणून. मला वाटलं, माझीच बरणी स्वच्छ निघत नाही."

त्याने बरणी हातात घेतली. तारेच्या घासणीने आतून इतकी घासली होती की काच धुरकट झाली होती. पलीकडची स्वतःची बोटं त्याला दिसेनात.

"शेजारच्या काकूंनी तर सामान बांधलं होतं," बहीण म्हणाली. "लेकीकडे जाऊन राहणार होत्या. मीच सोडायला लावलं. म्हटलं, माझा सख्खा भाऊ सही करतो, तो काय आपल्याला बुडवेल?"

ती चिडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती नुसतीच सांगत होती, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी सांगतो त्यांना," तो म्हणाला.

"सांगावंच लागेल. थांबल्या माझ्यामुळे, पण शब्द तुझा होता."

तिने कागदपत्रांची पिशवी खांद्याला लावली, दाराला कडी घातली. वस्तीत चौदा घरं होती. ती पुढे चालत होती, मागे बाटली छातीशी धरून तो. कुणीतरी कपडे वाळत घालत होतं, कुणाच्या तरी घरात रेडिओ चालू होता. एकाने त्याला ओळखून हात केला. त्यानेही सवयीने हात वर केला.

काकूंनी दार उघडलं. आधी बहीण दिसली, मग तो, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अगंबाई, दादा का! या, या. सकाळी ओढ्याचं पाणी बघितलं, तेव्हापासून जिवाला नुसता घोर लागला होता. आता तुम्हीच आलात म्हणजे मिटलं." त्या बाजूला सरकल्या. "बसा. चहा टाकते. ती बाटली कशाला धरून बसताय, ठेवा तिथे खिडकीत."

खिडकीत जागा होती. ऊनही चांगलं होतं.

"नको, काकू," तो म्हणाला. "ठेवली की ती निवळते. तुम्ही आत्ताच बघा."