डावखुऱ्यांचं खोरं

श्यामलाक्कांनी पदर खोचला, मांडीवर गोणपाट पसरलं आणि उजव्या हातात दगड धरून डाव्या हातातल्या गोट्यानं त्यावर घाव घातला. कपची उडाली ती थेट स्टेजवरच्या हारांच्या ताटात. बेंगळुरूच्या बसवनगुडीतलं ते भरलेलं सभागृह एकदम चिडीचूप झालं.

हार होते प्रोफेसर हयवदनांच्या सत्कारासाठी. आदिमानव हत्यार कसं घडवायचा, ते करून दाखवायला अक्कांना बोलावलं होतं. उत्तर कर्नाटकातल्या एका खोऱ्यात लाखो वर्षांपूर्वी आदिमानवांची एक अख्खी टोळी डावखुरी होती, हा त्यांचा शोध. तिथल्या दगडी हातकुऱ्हाडींवरचे घावच तसे सांगतात, म्हणे. त्या शोधावर पुस्तकं निघाली, परदेशात परिषदा भरल्या. एका पठ्ठ्यानं तर ती माणसं डाव्या कुशीवरच झोपत असणार, असा प्रबंध लिहून डॉक्टरेटही पटकावली.

आता खोरं शोधलं होतं श्यामलाक्कांनी. पण खोदकामाच्या तंबूत त्यांना असा ताप भरला की अंगावर भाकरी भाजावी. त्यांना बेंगळुरूला हलवलं, आणि मागे राहिलेली दगडांची पेटी हयवदनांनी उचलली. लेख छापला स्वतःच्या नावानं. शेवटी एक ओळ : चित्रांसाठी श्यामलाबाईंचे आभार.

पेटीत काय काय आहे, हे मात्र त्यांनी विचारलं नाही. आदिमानवाचं हत्यार समजून घ्यायचं तर ते स्वतः घडवून बघावं लागतं. बाकीचे दुपारी घोरत तेव्हा अक्का ओढ्याकाठी एकट्या दगड फोडत बसायच्या. वर ते दगड गावातल्या उकिरड्यात पावसाळाभर पुरून ठेवायच्या, किती लवकर म्हातारे दिसतात ते बघायला. असल्या नकली दगडावर रंगाचा ठिपका द्यायचा, म्हणजे खऱ्यात मिसळत नाही, अशी या धंद्यातली रीत. ठिपके द्यायच्या आधीच ताप आला, आणि ते दगड तसेच पेटीत राहिले. आणि मास्तरांनी छड्या मारून लिहिण्या-जेवण्याला उजवा हात लावला असला, तरी दगडाला अक्कांचा डावाच.

डावखुऱ्या टोळीचा लेख वाचून त्या इतक्या हसल्या, की उरलासुरला तापही पळाला.

तेव्हाच बोलता आलं असतं. पण हयवदन तेव्हा साधे लेक्चरर. पहिल्या पायरीवरून ढकलून असं कितीसं लागणार? चढू दे, म्हणाल्या. त्यांच्या प्रत्येक बढतीला अक्का आठवणीनं अभिनंदनाचा फोन करत राहिल्या, आणि फोन ठेवून पुढच्या बढतीची वाट बघत राहिल्या.

आज तो सगळ्यात वर उभा होता.

हातकुऱ्हाड झाली. अक्का उठल्या आणि काचेच्या पेटीत मांडलेल्या त्या प्रसिद्ध दगडाशेजारी त्यांनी ती नेऊन ठेवली. जुळी भावंडं. अक्का माइककडे वळणार, तेवढ्यात सूत्रसंचालन करणाऱ्या निधीनं, सरांच्या सगळ्यात लाडक्या विद्यार्थिनीनं, तो उचलला.

“अक्कांनी डावखुऱ्यांची टेक्निक काय परफेक्ट पकडलीय बघा! सरांच्या थिअरीला याहून मोठं प्रूफ काय हवं?”

टाळ्यांनी छत खाली येतं की काय असं झालं.

माइक हिसकावून घ्यायला अक्कांना जड नव्हतं. हात पुढे गेलाही. पण काचेखाली कोपऱ्यातला एक दगड दिसला. ओढ्याच्या वाळूतून त्यांनी स्वतः उपसलेला, पहिला, खराखुरा. तोंड उघडलं असतं तर हयवदनांबरोबर तोही कचऱ्यात गेला असता, आणि खोरंही. अक्कांनी हात मागे घेतला.

टाळ्या न वाजवणारा सभागृहात एकच माणूस होता. गळ्यात हार घालून तो अक्कांच्या डाव्या हाताकडे बघत होता.

लोक जेवायला खाली गेले. निधी जिन्याशी थांबली होती. हयवदन जवळ आले. गळ्यातला हार काढायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

“श्यामला, पेटीत तुझे किती होते?”

अक्कांनी गोणपाट झटकलं, नीट घडी घातली.

“सगळे नव्हते, हयवदना.”

“मग कोणते? एवढं तरी सांग.”

“प्रोफेसर तू आहेस. तूच ओळख.”

हयवदनांनी चष्मा पुसला. काचेचं झाकण उघडून एक दगड उचलला, उजेडात फिरवला, खाली ठेवला. दुसरा उचलला. मग पहिला पुन्हा.

अक्का जिन्याशी आल्या.

“सरांना बोलवू ना जेवायला?” निधीनं विचारलं.

“नको गं,” अक्का म्हणाल्या, “त्यांना स्वल्प काम निघालंय. तुम्ही पानं वाढायला घ्या.”