इंजिनाचं तीर्थ

"सरका, सरका, महाराजांनी कमंडलू काढला!" शेजारची साळूबाई ओरडली आणि अख्खी वस्ती पुढे रेटली. डिसेंबरची पहाट. दिंडोरीच्या द्राक्षबागांवर धुकं, आणि अंगणात रंगनाथअण्णांचा ट्रॅक्टर झेंडूच्या माळा घालून नवरदेवासारखा उभा.

अण्णांना जाऊन महिना झाला होता. तेव्हापासून ट्रॅक्टर दुपारी मुकाट चालू व्हायचा, पहाटे मात्र नुसता खोकायचा. बागेची फवारणी ऊन चढायच्या आत करायची, ती अडली. मग जवळच्या मठातल्या महाराजांना बोलावलं, त्यांनी निदान केलं की अण्णांचा जीव इंजिनात अडकलाय.

"मग दुपारी कसा चालतो?" नाशिक रोडहून आलेल्या अण्णांच्या मुलीने, प्रतिभाने विचारलं होतं.

"दिवसा आत्मा निजतो, ताई," महाराज मिशीत हसले होते. काल पहाटे त्यांनी इंजिनाच्या हवेच्या नळीत तीर्थ शिंपडलं, तिच्या भावाने, हर्षलने चावी फिरवली आणि ट्रॅक्टर गरजला. आज मुक्तीचं शेवटचं तीर्थ. मग ट्रॅक्टर महाराजांच्या मठात जायचा होता.

आई कबूल होती. "शेवटी शेवटी मीच त्यांना बागेत जाऊ दिलं नाय गं," ती पुन्हा म्हणाली. "म्हणून बसलेत तिथं. गारठत."

प्रतिभाचं आयुष्य पुस्तकांत गेलं होतं, तरी तिची नजरही त्या रिकाम्या सीटवरून हटत नव्हती. ती उगाच अंगणात येरझारा घालत होती.

"ओम डिझेलाय नमः!" महाराजांनी सूर लावला. "पिस्टनबंधन मुक्तम्! सायलेन्सरद्वारे गच्छ, गच्छ!"

"हर्षल," आई मध्येच म्हणाली, "त्यांच्यासारखं कर बाबा. ते चावी अर्धी फिरवून आधी हात जोडायचे."

हर्षल बसला. चावी अर्धी फिरवली, हात जोडले. समोर एक नारिंगी दिवा लागला.

प्रतिभा थबकली. शाळेत असताना ती पहाटे मडगार्डवर बसायची. अण्णा हात जोडत नसत, थंडीने तळवे चोळत. "दिवा विझेस्तोवर थांबायचं, पोरी. आत हीटर तापतोय. गारठलेल्याला ऊब नको का?" हर्षल ट्रॅक्टर हाकायचा तो दुपारी, कारखान्यातून आल्यावर. थांबायचं असतं हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

मग काल न थांबताही ज्याने इंजिन लागलं, ते तीर्थ कसलं?

तिने तळहात पुढे केला. "महाराज, मलाही द्या."

"हे यंत्राचं हाय! माणसाला चालत नाय!"

तिने कमंडलूत बोटं बुडवून तळहातावर थेंब घेतले. बर्फासारखे गार, आणि बघता बघता नाहीसे. मागे गोडसर, उग्र वास. दवाखान्यातला. ईथर!

महाराजांची पळी नळीवर वाकली होती. तिने मनगट धरलं. "हर्षल, चावी बंद कर! उतर खाली!"

"विघ्न! घोर विघ्न!"

"हे पाणी नाही, ईथर आहे. झटकन पेटतं, म्हणून काल गार इंजिन लागलं. आज आत हीटर तापलाय. त्यावर हे पडलं असतं तर भडका उडून माझा भाऊ भाजला असता. काल चावी फिरवायच्या आधी शिंपडलंत, हीटर बंद होता, म्हणून वाचलात."

तिने पळीभर तीर्थ लांब मातीत ओतलं, लांबलचक काठीला पेटता बोळा बांधून पुढे धरला. भप्प! वस्ती मागे हटली.

"हा... हा अग्निदेवाचा प्रसाद..."

"पाणी कधी पेटतं व्हय रं?" साळूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. महाराज चपला शोधू लागले.

वास पूर्ण गेल्यावर प्रतिभाने हर्षलला पुन्हा बसवलं. "गिअर न्यूट्रलला. क्लच दाब. चावी अर्धी. आता थांब." दिवा विझला. "फिरव." इंजिन एकदा खोकलं आणि लागलं.

"अगं, मग आमाला कसं नाय कळलं?" साळूबाईने विचारलं.

"कोणी विचारलंच नाही. पहाटे बंद, दुपारी चालू. मध्ये फरक एकच, उन्हाचा. अडलं की आधी फरक शोधा. आणि दुःखाच्या घरी कोणी चमत्कार घेऊन आला, तर तो कसा होतो ते विचारा. विचारलेलं ज्याला खपत नाही, त्याला दारातूनच परत पाठवा."

आई ट्रॅक्टरजवळ आली. थरथरत्या बॉनेटवर तिने हात ठेवला.

"म्हंजे ते इथं नव्हतेच?"

"नाही, आई."

"गारठत नव्हते?"

"नव्हते."

आईने हात उचलला. मग एकेक माळ उतरवत म्हणाली, "हर्षल, फवारणीला नीघ. ऊन चढायच्या आत."