उपरा नर

"माणसानं निष्ठा शिकावी ती मिरिकिनाकडून," लापाचोच्या झाडाखाली उभ्या राहून डॉक्टर इरिबार्ने म्हणाल्या. "हे माकड एकाच जोडीदारावर राहतं. चोरून भानगडी नाहीत, दुसरं घर नाही. पिल्लू झालं की नरच ते पाठीवर वागवतो. इतकी वर्षं आम्ही रक्त तपासतोय, एकाही पिल्लाचा बाप शेजारचा निघालेला नाही."

गावातल्या शाळेतून आलेल्या शिक्षिकांनी वर बघून माना डोलावल्या. एकीनं डोळे टिपले. तिची स्वतःची काही अडचण असावी.

वर गुलाबी फुलांच्या गर्दीत रोसा नावाची मादी फुलं खात बसली होती आणि तिला खेटून तिचा जोडीदार.

"किती वर्षांचा संसार यांचा?" डोळे टिपणारीनं विचारलं.

"हा? हा गेल्या रविवारी आला असावा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "जोडीदार न मिळालेले नर रानाच्या कडेनं फिरत असतात. संधी मिळाली की असा एखादा उपरा घुसतो, घरच्या नराला चावून हाकलतो आणि त्याची जागा घेतो."

"आणि मादी?"

"ती एकनिष्ठच राहते. नव्याशी."

शिक्षिकांच्या माना डोलायच्या थांबल्या. मागे रिकामं खोकं घेऊन उभा असलेला निकानोर जमिनीकडे बघत होता. वर बघायची त्याला आठवडाभर हिंमत झाली नव्हती.

फोर्मोसा प्रांतातल्या त्या गुरांच्या रानात निकानोर डॉक्टरबाईंचा मदतनीस होता. वर्षातून काही माकडांना गुंगीचं औषध मारून पाडायचं, खाली जाळं धरायचं, गळ्यात पट्टा बांधायचा. पट्ट्यातून संदेश येतो आणि माकड कुठे आहे ते कळतं. मग गुंगी उतरेपर्यंत त्याला खोक्यात ठेवायचं आणि त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत, त्याच झाडावर सोडायचं. या शेवटच्या नियमावर डॉक्टरबाईंचा फार कटाक्ष. पुरुष घरी नसला की काय होतं, हे त्यांना माकडांपुरतं ठाऊक होतं. निकानोरला जास्त ठाऊक होतं, कारण त्याचा स्वतःचा संसार अशाच एका रिकाम्या जागेत सुरू झाला होता.

दुवीचा नवरा फेर्मिन बांधकामावर मजुरी करायला ब्युनोस आयर्सला गेला. आधी त्याचे फोन यायचे, मग येईनासे झाले. घरावरचे पत्रे गळायला लागले म्हणून दुवीनं निकानोरला छपरावर चढवलं. छप्पर आठवड्यात नीट झालं. निकानोर उतरला तो घरातच. पहिला संसार संपला असं कोणी म्हणालं नाही, चालू आहे असंही कोणी म्हणालं नाही. दुवीनं आपल्याला निवडलं, की त्या दिवशी छपरावर आपणच होतो म्हणून आपण राहिलो, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. तो प्रश्न नको म्हणून तो घरातली सगळी दुरुस्ती वेळच्या वेळी करत असे.

गेल्या शनिवारी रोसाचा नर पकडला. डॉक्टरबाईंच्या लेखी तो एक आकडा होता. छाती काढून बसायच्या त्याच्या सवयीमुळे निकानोर त्याला फौजदार म्हणायचा. पट्टा बांधून झाला, डॉक्टरबाई तालुक्याला गेल्या, आणि गुंगीतल्या फौजदाराला खोक्यात घालून निकानोर गाडीच्या चाकात हवा भरायला टायरवाल्या लुसिओकडे थांबला.

"काय रे निकानोर, घरीच राहतोस ना अजून?" लुसिओनं विचारलं.

"म्हणजे?"

"फेर्मिन आलाय. बहिणीकडे उतरलाय. पायात नवेकोरे बूट आहेत. मी आपलं कानावर घातलं. हवा भरली बघ."

रानाचा रस्ता उजवीकडे होता. निकानोर डावीकडे वळला.

खोकं त्यानं भिंतीच्या सावलीत ठेवलं, दारात खुर्ची टाकली आणि बसला. संध्याकाळ झाली, सूर्य मावळला, फौजदार शुद्धीवर आला. निकानोर उठला नाही. रविवारीही नाही.

"या माकडाला घरदार नाही का?" दुवीनं रविवारी दुपारी विचारलं.

"गुंगी उतरायचीय."

"कालपासून टक लावून बघतंय माझ्याकडे. गुंगीतला असा बघतो?"

"उद्या सोडतो."

"आणि तू काय बँकेचा रखवालदार असल्यासारखा दारात बसलायस?"

"ऊन घेतोय."

"ऊन मागल्या बाजूला आहे, निकानोर."

दक्षिणेचा गार वारा थेट दारात घुसत होता. ती आत गेली आणि फौजदारासाठी केळं घेऊन आली. फेर्मिन काही आला नाही.

सोमवारी सकाळी फौजदार झाडावर चढला तेव्हा त्याच्या जागेवर दुसराच नर बसला होता. पुढचं सगळं थोडक्यात आटोपलं. किंचाळ्या, तुटलेल्या फांद्या, खाली फुलांचा सडा. फौजदाराचा कान फाटला. दोन दिवस खोक्यात आखडलेल्या अंगानं तो लढणार तरी किती? तो कुंपणाच्या दिशेनं निघून गेला, मध्ये एकदा वळून त्यानं बघितलं. रोसाकडे बघितलं असावं. निकानोरला मात्र वाटलं, आपल्याकडेच.

रोसानं आणखी एक फूल तोडलं.

"शनिवारी संध्याकाळीच सोडलं होतंस ना?" दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी विचारलं.

"हो," निकानोर म्हणाला.

"म्हणजे आपला काही हात नाही! असं डोळ्यांसमोर क्वचित घडतं, निकानोर. हा शुद्ध निसर्ग आहे."

निसर्ग आपल्याला टायरच्या दुकानात भेटला होता, हे त्यानं सांगितलं नाही. त्या आनंदात डॉक्टरबाईंनी त्याला चहाबरोबर स्वतःच्या वाटचे दोन चिपा दिले. चीज घातलेले ते पाव त्याच्या आवडीचे. ते त्यानं न खाता खिशात घातले.

शिक्षिका येऊन गेल्या त्याच्या पुढच्या रविवारी फेर्मिन आला. दिवसाढवळ्या, फाटक वाजवून, बूट झाडून. हाकलायला आलेला माणूस बूट झाडत नाही, हे निकानोरच्या लक्षात यायला हवं होतं.

दुवीनं पाणी तापवलं आणि पोकळ भोपळ्यात येर्बाचा चहा भरला. पहिला कडू घोट रिवाजाप्रमाणे तिनं स्वतः नळीनं ओढला. पुन्हा भरला तो फेर्मिनच्या हातात दिला. पाहुण्याला आधी देतातच. तरी निकानोरनं खुर्ची पुढे ओढली.

फेर्मिननं भोपळा रिकामा करून परत दिला. "आभारी आहे," म्हणाला.

भोपळा परत करताना आभार मानले की पुन्हा भरायचा नसतो. एवढ्या वर्षांनी आलेला माणूस एका भोपळ्यात आटोपला. दुवीनं भोपळा बाजूला ठेवला.

"छप्पर गळत नाही आता," फेर्मिन वर बघत म्हणाला.

"नाही," निकानोर म्हणाला. त्याचे कान तापले.

"हे बघ, मला भांडायचं नाहीय. जे माझं आहे ते घेतो नि रात्रीच्या बसनं जातो."

निकानोर उभा राहिला. या प्रसंगासाठी त्यानं छपरावर, गाडीत, झाडाखाली एक वाक्य घोटून ठेवलं होतं. ते आलंच नाही. "तिला विचार," एवढंच तो म्हणाला, तेही चिरक्या आवाजात.

"तिला कशाला? तुलाच माहीत असेल कुठे ठेवलंयस. खोगीर माझं."

फेर्मिनला वाटलं, खुलासा करावा. "सासऱ्याचं मांस भाजायचं हॉटेल आहे तिकडे. भिंतीवर लावायला गावाकडचं काहीतरी हवंय त्यांना. गिऱ्हाइकाला आवडतं."

"सासऱ्याचं," दुवी म्हणाली.

"हो. म्हणजे... पोरंही आहेत दोन."

"खोगिरासाठी आलास तू."

"असलं चामडं आता मिळत नाही, दुवी."

ती आत गेली. खोगीर खांद्यावर घालून आली आणि त्याच्या मांडीवर ठेवलं. धुळीनं त्याला शिंक आली. त्यानं खोगीर उलटंपालटं केलं.

"पोटपट्टा कुठाय?"

"तो खोक्याला लावला मी," निकानोर म्हणाला. "झाकण आवळायला."

"कसल्या खोक्याला?"

"माकडाच्या."

फेर्मिननं त्याच्याकडे नीट पाहिलं. पहिल्यांदाच. "असू दे," म्हणाला आणि फाटक ओढून गेला. त्यानं एक ठोसा मारला असता तर निकानोरला बरं वाटलं असतं.

दुवी भोपळा घासत बसली. तो स्वच्छ झाला होता तरी घासत होती.

"म्हणून दारात बसला होतास."

"हो."

"मला वाटलं, माझ्यासाठी."

"तुझ्यासाठीच की."

"माझ्यासाठी नाही रे. त्याच्यासाठी. मला विचारलं असतंस तर म्हटलं असतं, आत येऊन बस, थंडी आहे." तिनं भोपळा पालथा घातला. "आणि त्या माकडाचं काय झालं?"

त्यानं सांगितलं. तिनं हात पुसले.

सोमवारी निकानोर डॉक्टरबाईंसमोर टोपी काढून उभा राहिला. "फौजदाराला मी शनिवारी सोडलं नाही. सोमवारी सोडलं."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "का?"

"घरी काम होतं."

"कसलं काम?"

"काही नाही. बसून होतो."

"म्हणजे हे उदाहरण बाद," त्या म्हणाल्या. "आणि तो प्राणीही." त्या ओरडल्या नाहीत, कामावरून काढलंही नाही. त्या दिवशी चहा मात्र त्यांनी एकटीनं घेतला.

फौजदाराचा पट्टा अजून संदेश देतो. गुरांच्या कुंपणालगतच्या विरळ झाडांत तो एकटा असतो. फाटका कान तसाच जुळलाय. निकानोर बघायला जातो. खायला द्यायला मनाई आहे, तरी खिशात केळं असतं. फौजदार खाली उतरत नाही. ऑक्टोबरात रोसाला पिल्लू झालं. ते फौजदाराचं, पण ते पाठीवर वागवत उपरा झाडाझाडांतून हिंडतो, आणि शिक्षिकांची नवी तुकडी आली की त्याच्याकडे बघून माना डोलावते.

खोगीर बसवाल्यांनी चढवू दिलं नाही. फेर्मिन ते थांब्यावरच्या बाकाखाली टाकून गेला. लुसिओनं सांगितल्यावर निकानोरनं जाऊन आणलं, त्याला पोटपट्टा परत लावला आणि होतं त्याच खुंटीला टांगलं. त्या घरात घोडा नव्हता. तो फेर्मिननं गाव सोडण्याआधीच विकला होता.