काजाच्या सुया

"जेवतो माझ्याकडे, हात पुसतो माझ्याच टॉवेलाला, आणि निघताना म्हणतो, मावशी, सुया दे. माणसाला लाज म्हणून काही असते की नाही?"

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "आजी, सुयांचं नंतर बघू. आधी मशीनचं सांगा."

"आजी मी माझ्या नातवंडांची. तुम्ही बाई म्हणा."

शेजारच्या खुर्चीवरच्या सुनेने खिडकीबाहेर तोंड फिरवलं. हसू दाबायचं असलं की ती असंच करते, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. चष्म्याच्या दुकानावरची ही खोली, तिचा उभा जिना, आणि तो चढताना सुनेने पुढे केलेला हात, सगळ्याचाच त्यांना राग आला होता. हात अर्थातच धरला नव्हता.

बाईंचा शर्ट शिवायचा कारखाना होता. कारखाना म्हणजे घराचीच पुढची लांब खोली. भिंतीला लागून शिलाई मशीन, मधोमध कापायचं टेबल, आणि कोपऱ्यात काज करायची दोन मशीन. नवरा गेला तेव्हा लोक म्हणाले, आता विकून टाका. बाईंनी त्या लोकांना चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी कात्री हातात घेतली. शाळेत त्या जेमतेम अक्षरं ओळखण्यापुरत्या गेल्या होत्या, पण गिऱ्हाइकाच्या खांद्याकडे बघून माप सांगायच्या आणि ते चुकलं तर गिऱ्हाइकालाच खांदे सरळ करायला लावायच्या.

ज्याची तक्रार चालली होती तो त्यांच्या बहिणीचा मुलगा. बहीण गेली तेव्हा तो दुपट्यात होता. कापडाच्या चिंध्यांत लोळून वाढला, टेबलाखाली झोपला, आणि उंचीने असा सुटला की घरादाराने त्याला लांब्याच म्हणायला सुरुवात केली. लग्न झाल्यावर त्याने वेगळी खोली घेतली. त्या दिवशी बाईंनी दोनपैकी एक काज-मशीन हातगाडीवर चढवलं, वर जुनी चादर बांधली, आणि गाडीवाल्याला दम दिला, "खड्ड्यात घातलंस तर तुला घालीन." लांब्याला मात्र त्या एका शब्दाने काही बोलल्या नाहीत.

"काहीच नाही?" वकीलबाईंनी विचारलं. "वापर आणि परत दे, असं काही?"

"घरच्या माणसाला 'परत दे' म्हणायचं? आमच्यात तसं बोलत नाहीत. तसं परक्याला बोलतात."

"मग अडचण आहे."

वकीलबाईंनी चष्मा काढला आणि सावकाश समजावलं. कायद्यात याला न्यासभंग म्हणतात. परत दिलं नाही एवढ्याने तो होत नाही. ते नुसतं दिवाणी भांडण. गुन्हा म्हणायचा तर दाखवावं लागतं की वस्तू तुमची होती, ती तुम्ही विश्वासाने त्याच्याकडे सोपवली होती, देऊन टाकली नव्हती. आणि त्याने ती मनात खोट ठेवून विकली. "तो उद्या म्हणेल, मावशीने मला संसाराला दिलं होतं. माझं समजून विकलं. मग सोपवणंही गेलं आणि खोटही गेली."

सून पुढे सरकली. "मी होते तिथे. मी सांगते ना, आई म्हणाल्या होत्या, काम झालं की आणून दे."

"मी म्हणाले नव्हते," बाई म्हणाल्या.

"अहो आई, एवढं म्हटलं तर काय बिघडतं? त्याने अख्खं मशीन विकून खाल्लं तेव्हा..."

"जे तोंडातून निघालं नाही ते आता कोर्टात काढू? मग त्याच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला? उंचीचा?"

बाईंना घरातलं ते कोपऱ्यातलं उरलेलं मशीन दिसत होतं. महिन्यापूर्वी तेच अडलं, गणवेशांची ऑर्डर डोक्यावर, म्हणून त्या न कळवता लांब्याच्या खोलीवर गेल्या. ज्या टेबलावर मशीन ठोकलं होतं, त्यावर मेणकापड आणि प्लास्टिकची फुलं. मेणकापड उचललं तर खाली बोल्टची भोकं. त्याची बायको बिचारी पाण्याचा पेला घेऊन उभी. "मशीन? ते तर मागच्या वर्षीच विकलं. तुम्हीच सांगितलं होतं ना विकायला?" बाई पाणी प्यायल्या, त्यांनी पेला खाली ठेवला, आणि ऑर्डर दुसऱ्याकडे गेली.

"मागच्या वर्षी विकलं, आणि गेल्या महिन्यापर्यंत सुया नेतोय," बाई स्वतःशीच पुटपुटल्या.

वकीलबाई थांबल्या. "थांबा. या सुया कसल्या?"

"काजाच्या. आणि कसल्या असणार?"

"त्याच्या मशीनच्या सुया तुमच्याकडून का नेतो?"

बाईंना प्रश्नच कळेना. "ज्याचं मशीन त्याच्या सुया. तेलही त्याचंच. काम करणारा फक्त हात आणतो. आमच्या धंद्यात पोराटोरांनाही ठाऊक असतं. स्वतःचं मशीन असतं तर दुकानातून नसत्या घेतल्या?"

वकीलबाईंनी चष्मा परत चढवला. "बाई, मग तुम्ही बोलला नाहीत तरी चालेल. सोपवणं तोंडानेच व्हावं असं कुठे आहे? तो दर महिन्याला येऊन स्वतःच कबूल करत होता की मशीन तुमचं आहे. आणि नसलेल्या मशीनसाठी सुया मागत होता. खोट ती हीच."

सुनेचा चेहरा उजळला. बाईंचा नाही. वकीलबाईंनी दोन तुकडे जोडून शिवल्यासारखी केस उभी करून दिली होती, आणि बाईंना आता कळलं की जिना चढून येताना आपल्या मनात कुठेतरी एक आशा होती, की वरची बाई म्हणेल, यात काही होत नाही, घरी जा.

बाईंच्या तक्रारीवरून पोलीस चौकीत लांब्याला बोलावलं होतं. तो आधीच येऊन बाकावर बसलेला, गुडघे हनुवटीपर्यंत आलेले. मावशीला बघून उठला आणि सवयीने तिच्या हातातली पिशवी घ्यायला पुढे झाला. बाईंनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

चौकीच्या साहेबांनी विचारल्यावर तो म्हणाला, "मावशीनेच दिलं होतं. मला वाटलं माझंच झालं."

"मग सुया का मागायचास?" साहेबांनी विचारलं.

लांब्या म्हणाला, "काम थंडावलं होतं, साहेब. तयार शर्ट घ्यायला लागले लोक. खोलीचं भाडं थकलं. मी तसंच मशीन परत घेऊन ठेवणार होतो. मावशीला कळायच्या आत."

"परत ठेवणार होतास म्हणून विकणं पुसलं जात नाही," साहेब लिहिता लिहिता म्हणाले. "आणि सुयांचं काय केलंस?"

"घरी आहेत. एकही पुडी फोडली नाही."

बाई इतका वेळ भिंतीकडे बघत होत्या. आता वळल्या. "मग यायचास कशाला?"

"नसतो आलो तर तू विचारलं असतंस." तो बुटांकडे बघत होता. "आणि यायची सवय होती, मावशी."

त्या सवयीचं बाईंना काय सांगायचं? मागच्या दाराने यायचा, न वाजवता. कडी कशी उचलली की आवाज होत नाही ते त्याला लहानपणापासून माहीत. स्वयंपाकघरात येऊन झाकण उचलायचा, "काय शिजतंय?" म्हणायचा. आणि त्या विचारायच्या, मशीन कसं चालतंय? तो तोंडातला घास गिळून सांगायचा, "एकदम गोड. कालच तेल घातलं." कालच. वर तेलाची बाटलीही नेली होती मेल्याने.

साहेबांनी तक्रारीचा कागद पुढे केला, पण बोट त्यावरच ठेवलं. "बाई, घरचा मामला आहे. सही झाली की मग तो माझ्या हातात राहणार नाही. विचार करा."

"आई, राहू द्या," सून हळूच म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "त्याची बायको बाहेर उभी आहे."

बाईंनी बाहेर पाहिलं नाही. त्यांनी पेन घेतलं. कापडाच्या गठ्ठ्यांवर खडूने लिहायच्या तशीच मोठी, सुटी सुटी अक्षरं काढत त्यांनी सही केली. शेवटचं अक्षर रेघेबाहेर गेलं. ते त्यांनी एकदा बघून घेतलं, पेनाला टोपण लावलं आणि पेन साहेबांच्या नव्हे, लांब्याच्या हातात दिलं. त्यालाही त्याच्या जबाबाखाली सही करायची होती. त्याने ती केली.

बाई उठल्या. जाताना त्याच्यासमोर थांबल्या. मान वर करावी लागली, आणि तेही त्यांना आवडलं नाही.

"शिक्षा काय द्यायची ती कोर्ट बघेल, ते माझं काम नाही," त्या म्हणाल्या. "सुटलास की ये. जेवायला वाढीन, नाही म्हणणार नाही. पण मागच्या दाराने नाही. पुढून यायचं, दार वाजवायचं, आणि उघडेपर्यंत बाहेर थांबायचं."