काकांचे कान

“बिघाड तुमच्यातही आहे!” पुतणीनं बॅग सोफ्यावर आदळली. “अगदी बाबांच्यात आहे तोच. मग तुम्हाला ऐकू कसं येतं?”

“माझं नशीब,” म्हणत काका पेपरची घडी घालायला लागले.

या घराण्यात चाळिशीच्या आसपास कान जायला लागत. आजोबांचे गेले, दोन्ही आत्यांचे गेले. बाबांशी आता पाटीवर लिहून बोलावं लागे. एकटे काका सत्तरीतही शेजारच्या घरातलं भांडण इथे बसून ऐकत. आजार कोणत्या जनुकामुळे होतो हे कळलं, की नेमकं तिथेच काम करणारं एखादं जुनं औषध आधीच बाजारात आहे का, हे शोधणं पुतणीचं काम. तपासणीला काकांचं रक्त मिळावं म्हणून तिनं वर्षभर मिनतवाऱ्या केल्या होत्या. त्यांच्या जनुकात तो बिघाड नसणार, असं तिनं धरून ठेवलं होतं. आज आलेल्या अहवालानं ते साफ चुकीचं ठरवलं होतं.

“म्हणजे बाहेरून काहीतरी पोटात जातंय. कुठलं औषध घेता?”

“औषध? मी? ठणठणीत आहे मी.”

“काका, डोकं खाऊ नका. ॲसिडिटीचं, झोपेचं, काहीही?”

“अगं, यांनी कधी डोकेदुखीची गोळीसुद्धा घेतली नाही,” काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “लग्न झाल्यापासून बघतेय. मी घेतली तर मलाच नावं ठेवतात!”

काकांनी घातलेली घडी उलगडली आणि पुन्हा घालायला घेतली.

“ऐकताय ना?” पुतणी आता रडकुंडीला आली होती. “माझ्यातही आहे तो बिघाड. लेक आत्ता कुठे बोलायला लागलीय माझी. मला तिचं बोलणं ऐकायचंय हो, आणि तुम्ही पेपर कसले आवरताय!”

काकांचे हात थांबले. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, मग पुढे झुकून हळूच काहीतरी सांगितलं.

“काय?”

त्यांनी तेच पुन्हा सांगितलं. ओठ हललेले तिला दिसले.

“नीट बोला ना, काका! तोंडातल्या तोंडात काय पुटपुटताय?”

काका तिच्याकडे बघतच राहिले. तिनं मान किंचित वळवून एक कान त्यांच्यापुढे केला होता. आपण तसं केलंय, हे तिच्या गावीही नव्हतं.

“फिट येऊ नये म्हणून गोळी घेतो,” ते खणखणीत आवाजात म्हणाले. “लग्नाच्या आधीपासून. रोज.”

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.