टॅमसिनने सोडलेली केमिस्ट्री

ज्या वर्षी लोर्ना प्रुइटच्या धाकट्या भावाला पन्नाशीत जुळ्या मुली झाल्या, त्याच वर्षी कॉलेजने ती कोच असलेल्या मुलींच्या लॅक्रॉस संघाला, म्हणजे जाळीच्या काठीने चेंडू झेलायच्या-फेकायच्या खेळाच्या संघाला, शेवटची संधी दिली. मार्चच्या तपासणीत बारा मुली खेळायला पात्र हव्यात आणि संघाच्या गुणांची सरासरी ठरलेल्या रेषेच्या वर हवी. नाहीतर संघ बंद.

मुली मोजून बाराच उरल्या होत्या. बसचे पैसे कॉलेजने केव्हाच तोडले होते, त्यामुळे लोर्ना स्वतः व्हॅन चालवायची. मैदानावरचा बर्फ मुलीच फावड्यांनी ओढायच्या. जुळ्यांचं बारसं झालं तेव्हा ती सामन्याला गेली होती. भावाने पुन्हा बोलावलं नाही. घरी तिची वाट बघणारं कुणी नव्हतं, म्हणून सराव संपल्यावरही ती जाळ्यात अडकलेले चेंडू काढत बसायची.

सरासरी खाली ओढत होती ती गोलकीपर टॅमसिन डुफ्रेन. केमिस्ट्रीत ती गटांगळ्या खात होती.

"टॅमसिन, गोलमध्ये एक चेंडू सोडत नाहीस, पेपरात मात्र सगळे प्रश्न सोडतेस!" व्हॅनमध्ये संघातली ब्रिन ओरडली.

"तू गप्प बस, तुझा नेम बघून मैदानावरची बदकंसुद्धा हसतात," टॅमसिन म्हणाली.

लोर्नाही हसली. पण त्या रात्री तिला झोप आली नाही. सकाळी तिने टॅमसिनला बोलावलं. "अगं, तो विषय सोडून दे. विषय सोडायचा आज शेवटचा दिवस आहे. नापासाचा शेरा लागण्यापेक्षा बरं."

"कोच, मी अभ्यास करतेय."

"ऐक माझं."

टॅमसिनने विषय सोडला. सरासरी रेषेच्या वर गेली. सोमवारी क्रीडाप्रमुख वॉल्टरने लोर्नाला खोलीत बोलावलं.

"सरासरी छान आहे, लोर्ना. पण एक विषय कमी झाल्याने ती पोरगी आता अर्धवेळ विद्यार्थिनी झाली. अर्धवेळ मुलीला खेळता येत नाही. हे तुला मी सांगायचं?"

दर ऑगस्टमध्ये, पहिल्याच बैठकीत, हाच नियम लोर्ना मुलींकडून पाठ करून घ्यायची.

"बारावी म्हणून एक मुलगी दे, कुठूनही. मी शब्द टाकतो," वॉल्टर म्हणाला.

तिने वसतिगृह पालथं घातलं. बर्फात पहाटे उठून चेंडूंचा मार खायला कुणी तयार झालं नाही.

टॅमसिन मैदानाच्या कडेला उभी होती. "मी काठावर पास झाले असते, कोच."

"माहीत आहे गं."

"मग का सांगितलंत?"

"घाबरले."

टॅमसिन जवळ आली नाही. संघ बंद झाला, मुली एकेक करून निघून गेल्या. उन्हाळ्यापर्यंत बऱ्याच जणींनी दुसरी कॉलेजं गाठली. लोर्नाला सप्टेंबरात कुणाचा फोन आला नाही, तिनेही केला नाही.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत, एरवी सराव सुरू व्हायचा त्या आठवड्यात, लोर्ना प्रुइट आपल्या घरी झोपेतच वारली.