ओलं सारवण

केम स्टेशनावर उतरलो तेव्हा बैलगाडीवाल्या मायाप्पाने माझ्या काळ्या कोटाकडे, छत्रीकडे आणि बगलेतल्या कागदांच्या गुंडाळीकडे असं काही पाहिलं, की परतीची गाडी तिथेच उभी असती तर मी तिनेच सोलापूरला गेलो असतो.

"सरकारी हाय का वो तुमी?" बैल जुंपता जुंपता त्याने विचारलं.

"नाही बाबा. मास्तर होतो. आता पेन्शनीत आहे."

"मास्तर म्हंता, मग ह्या रानात कुनाला शिकिवनार?"

गढीत एक दगड आहे, त्यावरची अक्षरं वाचायची आहेत, असं मी सांगितलं. तो हसला. "दगुड वाचाया एवढ्या लांब? सोलापुरात दगडं न्हाईत व्हय?"

मी खरं तेच सांगितलं होतं, पण माझ्याच कानांना ते खोटं वाटलं.

दगडाची खबर रावजीने दिली होती. रावजी माझा जुना विद्यार्थी, मामलेदार कचेरीत कारकून. मोजणीच्या कामाला गेला असताना गढीतल्या एका घराच्या भिंतीत, दाराशेजारी, त्याने कोरलेल्या ओळी पाहिल्या होत्या. "बहामनी काळातली गढी, मास्तर, आणि हा लेख अजून कुणी छापलेला नाही," असं तो म्हणाला आणि माझी झोप गेली. जन्मभर मी दुसऱ्यांनी शोधलेले लेख वाचले, इतिहास मंडळाच्या सभेत शेवटच्या बाकावर बसून ऐकले. एक तरी लेख आपल्या नावावर लागावा, एवढीच हाव उरली होती. तो आपल्याला वाचता येईल का, ही धास्तीही होतीच.

वाटेत एका विहिरीपाशी मायाप्पाने गाडी थांबवली. बैलांना पाणी पाजायचं म्हणाला. पण आधी तो मोटेवरच्या माणसाशी काही कुजबुजला आणि तो माणूस ज्वारीतून आडवा, झपाझप गढीच्या दिशेने निघून गेला. त्यानंतर बैलांना पाणी पाजायला मायाप्पाने उगीचच फार वेळ लावला.  

गढीचा खंदक बुजून त्यात बाभळी माजल्या होत्या. बुरुजांचे चिरे ढासळून आतली पांढरी माती उघडी पडली होती. दरवाजाची कमान मात्र शाबूत होती. आत, तटाला पाठ लावून, एकच घर होतं. दारात एक बाई उभी, हात कोपरापर्यंत शेणाने भरलेले.

"आक्का, हे मास्तर," मायाप्पा म्हणाला आणि माझ्याकडे न बघता बैल सोडू लागला.

म्हणजे ही त्याची बहीण, गोजरबाई. विहिरीवरून निरोप कुणाला गेला ते मला कळलं.

"हितं दगुडबिगुड काय न्हाय," मी तोंड उघडायच्या आत गोजरबाई म्हणाली.

"मी अजून विचारलंच नाही, बाई."

"मग इचारू बी नगा."

भिंतीवरचं सारवण जुनं होतं, पोपडे धरलेलं. दाराशेजारी मात्र हातभर जागा ओली, हिरवट, ताजी. भर दुपारी कुणी मधलीच तेवढी जागा सारवतं का?

माझी नजर कुठे गेली ते तिने पाहिलं. "मागल्या साली पल्याडच्या गढीत एक साहेब आला हुता," ती म्हणाली. "असाच कागूद घिऊन. दगुड वाचला, ग्वाड बोलला, गेला. मग पाटी लागली, सरकारची जागा म्हनून. आतली समदी घरं उटवली. माजी ननंद हुती त्यात. आता रानात खोपटात ऱ्हाती."

"मी त्यातला नव्हे."

"त्यो बी असंच म्हनला."

 उन्हाने डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून मी भिंतीला हात टेकला, तो नेमका ओल्या सारवणावर. बोटांखाली खोल कोरलेली रेघ लागली. तिच्यातून खाली उतरलेला एक काना, मग दुसरा. हात चटकन काढायला हवा होता. मी काढला नाही. गोजरबाई त्या हाताकडे बघत होती.

"पाणी मिळेल का?" मी म्हणालो. घसा खरोखरच सुकला होता.

ती आतून तांब्या घेऊन आली, पण माझ्या हातात तो सोडेना. "आमच्या हातचं चालतंय न्हवं? का दुसऱ्याच कशाला पायजे?"

तेवढ्या पाण्यात ते सारवण सहज धुऊन निघालं असतं. ओल्या दगडावर कागद थापून शाई लावली की ठसा तयार. पुढच्या सभेत मी उभा राहून लेख वाचला असता. तो माझ्या नावाने छापून आला असता. आणि छापलेलं कुठला ना कुठला साहेब वाचतोच.

तिने तांब्या सोडला तसा मी अंगणाच्या कडेला जाऊन हात धुतला, उरलेलं पाणी पिऊन टाकलं आणि रिकामा तांब्या तिला दिला. याला मोठेपणा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. दगड उघडा पडला आणि मला वाचताच आला नाही तर, ही भीतीही त्यात होती.

गोजरबाईने तांब्यात डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे. तिचा विश्वास बसलेला दिसला नाही. गाडी कमानीतून बाहेर पडेपर्यंत ती त्या ओल्या जागेपुढे उभीच होती.

पुढच्या आठवड्यात रावजी घरी आला. "वाचलात का, मास्तर?"

"भेगा आहेत रे त्या. अक्षरं नाहीत."



"बरं," टोपी घालत रावजी म्हणाला. "पण छापून येईल तेव्हा, दगड रावजीने दाखवला, एवढं तरी लिहा."